व्याजाचा शब्द

अक्षराकडे बघू नये, ही पहिली विनंती. माझी ओळ डावीकडे सुरू होते आणि उजवीकडे जाईपर्यंत दोन बोटं खाली उतरलेली असते. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं. पाचवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावाला होता, तिथे मुलींना कोणी पाठवत नसे, म्हणून चौथीनंतर चूक दाखवायला मास्तरही उरला नाही. ही वही मी कोणाला दाखवायची नाही असं ठरवलं आहे. तरी वही कधी कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, म्हणून आधीच माफी मागून ठेवते.

मला लिहायचं आहे ते शब्दांबद्दल. मराठी नाही, इंग्रजी शब्द, आणि तेही अवघड. हे वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही. मला आजही ए-बी-सी-डी सलग येत नाही. बसची पाटी मी नंबरावरून ओळखते. पण हट्टी माणसाला इंग्रजीत काय म्हणतात, बडबड्याला काय, अबोल माणसाला काय, हे मला आमच्या शहरात प्लेग आला त्याच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ आहे.

तेव्हा आम्ही लिंबायतच्या मागे, गोडादऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत राहायचो. नंदुरबारकडून या गुजराती शहरात येऊन आम्हाला सोळा वर्षं झाली होती. हे पांडेसऱ्याला रंगाच्या मिलमध्ये होते. त्यांच्या नखांवरून मला कळायचं की या आठवड्यात मिलमध्ये कोणत्या रंगाचा माल चालू आहे. मी घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करायची. साडी जमिनीवर पसरायची, छापलेल्या फुलाच्या मधोमध डिंकाचा थेंब सोडायचा, त्यावर टिकली ठेवायची आणि बोटाच्या टोकाने दाबायची. एका साडीला तीनशे-चारशे टिकल्या. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले. कान आणि तोंड मात्र मोकळं. बायका त्या मोकळ्या तोंडाने जगाच्या गोष्टी करत. मला चार माणसांत बोलायची लाज वाटायची. नळावरसुद्धा मी सगळ्यांच्या शेवटी जायची, म्हणजे कोणाशी बोलावं लागू नये.

काम आणून द्यायची ती समोरची मावशी. सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. नवरा गेल्यावर तिने हे काम धरलं होतं. रिंग रोडच्या मार्केटातून एका शेठकडून गठ्ठे आणायची, आम्हा आठ-दहा बायकांत वाटायची, झालेला माल परत पोचवायची. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला, पण कोणाकडे किती साड्या गेल्या हे कधी चुकलं नाही. शेठ आम्हाला ओळखत नव्हता, तो मावशीला ओळखायचा. माल तिच्या शब्दावर बाहेर पडायचा.

माझी मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे गुजराती. अभ्यासात बरी होती, पण इंग्रजीचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरायचा. तिला बँकेची परीक्षा द्यायची होती. त्या परीक्षेत इंग्रजीचा एक भाग असतो, त्यात अवघड शब्द देतात, त्याच अर्थाचा दुसरा शब्द विचारतात किंवा उलट अर्थाचा. तिच्याबरोबरच्या मुलींनी क्लास लावला होता. आमच्याकडे क्लासचे पैसे नव्हते. आमच्या विहारात पुस्तकांचं एक कपाट होतं. तिथून तिने शब्दांचं एक जाड पुस्तक आणलं. दर पंधरा दिवसांनी दाखवून पुन्हा नोंदवायचं होतं.

"आई, हे पाठ कसं करू? कॉलेजातून येते, तर तुझ्याबरोबर टिकल्या लावायला बसावं लागतं. पुस्तक धरायला तिसरा हात कुठून आणू?"

मी म्हटलं, "तू बोल, मी विचारते."

"तुला कुठे वाचता येतं?"

"मराठीत लिहून दे."

ती हसली. पण मग तिलाही पटलं. आता लिहायचं कशावर, हा प्रश्न आला. वहीत लिहिलं तर वही उघडायला, पान उलटायला डिंकाचे हात. तेव्हा माझं लक्ष साडीच्या चिठ्ठीवर गेलं. प्रत्येक साडीच्या पदराला दोऱ्याने एक जाड कागदाची चिठ्ठी बांधलेली असायची. पुढे नंबर असायचा, मागची बाजू कोरी. डिंक लागू नये म्हणून काम सुरू करताना ती चिठ्ठी आम्ही सोडायचो आणि सुई-दोऱ्यात ओवून भिंतीला टांगायचो. पहिल्या साडीची चिठ्ठी सगळ्यात खाली, त्यावर दुसरीची. साड्यांची चळतही त्याच क्रमाने. काम संपलं की वरून एकेक काढत जायचं आणि ज्या त्या साडीला बांधायची. सगळ्या गल्लीत हीच रीत होती.

त्या कोऱ्या बाजूला मी पेन्सिलीने शब्द लिहायला लागले. मुलगी पुस्तकातून वाचायची, मी मराठी अक्षरांत उतरवायची, खाली अर्थ. एक साडी, एक शब्द. साडी संपेपर्यंत तोच शब्द दोघींच्या तोंडात.

"ऑब्स्टिनेट," मी विचारायची.

"हट्टी."

"उलटा?"

"फ्लेक्सिबल. आई, तू ऑब्स्टिनेट म्हणताना मान का हलवतेस?"

"तुझे बाबा आठवतात."

अशी आमची गंमत चालायची. लोक्वेशस म्हणजे बडबडी, ती शेजारची जाडी बाई. फ्रुगल म्हणजे काटकसरी, ती मावशी, जी काडीपेटीची एक काडी वाचवायला शेजारच्या चुलीवरून कागद पेटवून न्यायची. एक दिवस टॅसिटर्न आला. मुलीने अर्थ वाचला, अबोल, फारसं न बोलणारा. माझ्याकडे बघून म्हणाली, "हा तुझा." मी काही बोलले नाही, तर ती आणखी हसली.

मला आधी वाटलं होतं की मी फक्त विचारणारी. पण रोज विचारून विचारून शब्द माझ्यातच रुतत गेले. मुलगी कॉलेजला गेली की मी एकटी टिकल्या लावता लावता म्हणत बसायची. तोंडात गोळी ठेवावी तसा एकेक शब्द. मला वाटायचं, एवढ्या वर्षांत मनात जे जे येऊन गेलं त्याला कोणीतरी आधीच नाव देऊन ठेवलं आहे. रिलक्टंट म्हणजे करायचं तर आहे, पण मन मागे ओढतं. हे तर रोजचं होतं, नळावर जाताना, दुकानात काही मागताना. त्यासाठी शब्द आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तो गठ्ठा एकशेवीस साड्यांचा होता. कुठल्याशा बाहेरगावच्या व्यापाऱ्याची मोठी मागणी होती. दहा-बारा दिवसांत आम्ही दोघींनी तो उरकत आणला. भिंतीवर एकशेवीस चिठ्ठ्यांची लांब माळ लोंबत होती, म्हणजे एकशेवीस शब्द.

रविवारी दुपारी मुलगी म्हणाली, "आई, तू नेहमी त्याच क्रमाने विचारतेस. मला क्रमच पाठ झालाय. ऑब्स्टिनेटनंतर फ्रुगल येणार हे आधीच कळतं. परीक्षेत असं येणार आहे का?"

तिने माळ उतरवली, दोरा ओढून काढला आणि सगळ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसल्या. मी बघत होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दुपारभर आम्ही खेळलो. एकशेवीसमधले तिला एकशेसात आले. मला किती आले हे तिने मोजलं आणि मग माझ्याकडे बघतच राहिली. मला एकशेबारा आले होते.

"आई, परीक्षेला तूच जा," ती म्हणाली.

त्या आनंदात मी संध्याकाळी चिठ्ठ्या परत ओवायला बसले आणि मला एक सुचलं. उलट अर्थाचे शब्द शेजारी शेजारी ओवले तर? काटकसरीजवळ उधळ्या, अबोलजवळ बडबडी, हट्टीजवळ वळणारा. सगळी माळ मी जोड्या लावून ओवली. इतकी सुंदर माळ मी आयुष्यात ओवली नव्हती. शब्दांची माळ नीट लावली आणि साड्यांची मोडली, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

सोमवारी सकाळी मावशी माल न्यायला आली तेव्हा मी नेहमीसारखी माळेच्या वरून एकेक चिठ्ठी काढत चळतीतल्या साड्यांना बांधत होते. हात सवयीने चालले होते. मावशीने चिठ्ठ्यांकडे बघितलंही नाही. तिला वाचता येत नव्हतं आणि माझ्यावर तिचा विश्वास होता.

त्या गठ्ठ्यात दोन जातीच्या साड्या होत्या. एक भारी कापडाची, एक हलक्या. छापा तोच, रंग तेच, घडी घातली की हाताला फरक लागेल, पण डोळ्याला नाही. फरक फक्त चिठ्ठीवरच्या नंबरात. मार्केटात घाई होती, चिठ्ठी बघून डब्यात भरल्या, डबे रवाना झाले.

तीन आठवड्यांनी मावशी दारात उभी राहिली. नेहमी आत येऊन बसायची, त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच थांबली. तिचं बोलणं मी तिच्याच अहिराणीत लिहिते. शाळेच्या भाषेत लिहिलं तर ते तिलाच ओळखू येणार नाही; शे म्हणजे आहे, काब्र म्हणजे का.

"चाल वं. शेठनी बलायेल शे. तू काय लिखेल व्हतं चिठ्ठीवर?"

मी पदराला डिंकाचे हात पुसले. मी कधी मार्केटात गेले नव्हते. बसमध्ये मावशीने माझंही तिकीट काढलं.

शेठच्या दुकानात पांढरी गादी होती. मी तिच्या कडेला, चपला काढल्या होत्या तिथेच बसले. शेठने टेबलाच्या खणातून बाहेरगावहून परत आलेल्या चिठ्ठ्यांचा एक जुडगा काढला आणि माझ्यापुढे टाकला. माझीच अक्षरं, खाली घसरणारी.

"आ शुं छे, बेन? पार्टीनो फोन आव्यो, कहे छे साडी पर मंत्र लख्या छे."

बाहेरगावच्या व्यापाऱ्याला आणि त्याच्याकडून साड्या घेतलेल्या दुकानदारांना वाटलं होतं की कोणीतरी साड्यांवर करणी करून पाठवली आहे. आधी ते घाबरले, मग त्यांनी साड्या हातात धरून बघितल्या आणि मग ओरडायला लागले. ज्यांना हलकी साडी भारी भावात मिळाली ते सगळे ओरडले. ज्यांना भारी साडी हलक्या भावात मिळाली त्यांचा एकाचाही फोन आला नाही.

कोपऱ्यात हिशेब लिहिणारे एक म्हातारे मेहताजी होते. त्यांनी चष्मा वर करून चिठ्ठ्या वाचल्या.

"शेठ, मंत्र नथी. अंग्रेजी छे." मग एक चिठ्ठी त्यांनी बाजूला काढली आणि हसू दाबत माझ्यापुढे धरली. "नेग्लिजंट. निष्काळजी. बेन, आ तो तमे जाते ज लखी आप्युं!"

म्हणजे गुन्हा काय ते तुम्ही स्वतःच लिहून दिलंत. दुकानातली सगळी माणसं हसली. मला तो शब्द, त्याचा अर्थ, त्याचा उलटा शब्द, सगळं येत होतं. पण तोंडातून 'चुकलं' एवढंसुद्धा बाहेर पडलं नाही. माझ्यासाठी मावशी बोलली. हात जोडले नाहीत तिने. म्हणाली, माल मी नेला होता, नुकसान माझ्या बिलातून कापा, पण काम बंद करू नका, माझ्या मागे दहा घरं आहेत.

अठराशे रुपये कापले गेले.

परत आल्यावर मला कळलं ते पैसे कुठले होते. मावशीच्या घरावरचे पत्रे फुटले होते. दोन वर्षं ती त्यांच्यासाठी पैसे बाजूला टाकत होती. बिलातून अठराशे गेले तेव्हा आम्हा बायकांची मजुरी तिने त्या साठवणीतून दिली. मला सुद्धा. माझ्या हातात माझी मजुरी ठेवताना ती एवढंच म्हणाली, "मोज."

तिचं घर माझ्या दाराच्या बरोबर समोर. छपरावर पोती, पोत्यांवर प्लास्टिक, प्लास्टिकवर विटा. मी दारात तांदूळ निवडायला बसले की मान वर करायची हिंमत होत नसे. मी मनाशी ठरवलं की हे अठराशे मीच फेडायचे, माझ्या हातच्या कामातून, नाहीतर या गल्लीत मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "पोरीची परीक्षा आणि तुझं हे इंग्रजी, दोन्ही मिळून घर विकायला लावाल." पण चिडून नाही म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विडी कमी केली, हे मला खिसे झटकताना कळलं.

मी शब्द बंद केले. मुलीला सांगून टाकलं, तुझं तू बघ. पुस्तक विहारात परत गेलं. मुलगी गुपचूप टिकल्या लावायची. ती विचारायला म्हणून तोंड उघडायची आणि मिटायची. 

पहिल्या शनिवारी मी पंचवीस रुपये घेऊन समोर गेले. मावशी तीन-चार बायकांबरोबर ओट्यावर बसली होती. मी नोटा तिच्या हातात दिल्या आणि वळले.

"थांब. व्याज कोठे शे?"

मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं.  मी म्हटलं, "मावशी, पुढच्या शनिवारपासून तीस देईन."

"पैसाना व्याज नको माले. शब्द दे एक."

मला कळलं नाही.

"तुना शब्दासपायी मना पत्रा गयात. मी इचारं तुनी पोरगीले, ती म्हने, आईनी शब्द सोडी दिधात. काब्र? मना पैसाबी गयात आनि तुना शब्दबी गयात, मंग फायदा कोनले व्हयना?"

मी खाली बघत होते. एक बाई फिसकन हसली. मावशीने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"दे. एक शब्द आनि त्याना अर्थ."

मी पुटपुटले.

"जोरमा बोल. मी काय चोरीना माल लेस का?"

"रिलक्टंट," मी म्हटलं. माझाच आवाज मला परक्या बाईसारखा वाटला. "करायचं असतं, पण मन मागे ओढतं."

मावशीने तो शब्द दोनदा घोळला. मान हलवली. नोटा पत्र्याच्या डब्यात टाकल्या. "जाय आते."

घरी येऊन मी मुलीला म्हटलं, "पुस्तक परत आण." तिने का म्हणून विचारलं नाही. या वेळी चिठ्ठ्यांवर नाही, मिठाच्या कागदी पिशव्या कापून त्यांच्या कागदावर लिहिलं. तेव्हापासून चिठ्ठीच्या मागे मी कधी पेन्सिल टेकवली नाही. चिठ्ठी सोडताना मोठ्याने नंबर म्हणायची, बांधताना परत म्हणायची. गल्लीतल्या बाकी बायकांनीही तसं धरलं.

शनिवारचं व्याज ठरून गेलं. पहिले काही आठवडे मला शुक्रवारपासून घोर लागायचा. पैशांचा नाही, ओट्यावर सगळ्यांसमोर बोलायचा. मग बायकाच वाट बघायला लागल्या. मावशी शब्द घ्यायची आणि आठवडाभर वापरायची. नळाला उशिरा पाणी आलं की पाणी सोडणाऱ्या माणसाला, तो समोर नसतानाही, ती मोठ्याने नेग्लिजंट म्हणायची. शेजारच्या जाडीला तोंडावर लोक्वेशस म्हणाली आणि तिने वाईट शिवी समजून दोन दिवस अबोला धरला. मग मला जाऊन समजवावं लागलं की याचा अर्थ फक्त खूप बोलणारी असा आहे. ती म्हणाली, "मग तसं बोल ना, त्यात काय खोटं आहे?" मी आपण होऊन कोणाच्या घरी जाऊन बोलले, तो माझा पहिला दिवस असेल.

मावशीला सगळेच शब्द पसंत पडत नसत. एफेमरल सांगितला, फार थोडा वेळ टिकणारा. तिने विचारलं, उदाहरण? मी म्हटलं, आपल्या टिकल्या, दोन धुण्यांत जातात. तिला राग आला. म्हणाली, आपल्या कामाला असं नको बोलू, दुसरा दे. मी दुसरा दिला, मेटिक्युलस, बारकाईने, मन लावून काम करणारी. तो तिने घेतला.

त्या पावसाळ्यात तिच्या घरात पाच ठिकाणी भांडी ठेवलेली असायची. मी शनिवारी गेले की थेंबांचा आवाज यायचा. ती त्याबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही, आणि मला प्रत्येक थेंब मोजून घेतल्यासारखा वाटायचा. काही आठवडे मला पंचवीस जमले नाहीत, पंधराच नेले. ती म्हणायची, पैसे कमी असले तर चालेल, व्याज पुरं पाहिजे.

मुलीने पहिल्यांदा परीक्षा दिली तेव्हा नापास झाली. इंग्रजीत नाही, गणितात. ती रडली, आणि मी खरं सांगते, मला आत कुठेतरी बरं वाटलं की इंग्रजीत नाही. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. दुसऱ्या वेळेला मात्र पास झाली. मुलाखत झाली, भरूचच्या बाजूला नेमणूक झाली. यांनी मिलमध्ये पेढे वाटले. घरी आले तेव्हा पेढ्याच्या खोक्याला त्यांच्या बोटांचे निळे ठसे होते.

पहिला पगार घेऊन मुलगी रविवारी घरी आली. मावशीचे तेव्हा साडेचारशे राहिले होते. तिने पाकिटातून पैसे काढले, "आई, आजच देऊन टाक."

मी नाही म्हटलं.

"का? चूक माझीपण होती. चिठ्ठ्या मी पिसल्या."

"ओवल्या मी."

तिला वाटलं मी हट्ट करते. ती स्वतः समोर गेली. मी दारातून ऐकत होते. मावशीने तिला चहा दिला, नोकरीबद्दल विचारलं, आणि पैशांची गोष्ट काढताच म्हणाली, "सारं एकदाच दिधं तर मनं व्याज बुडी. अठरा हप्ता शेतस, अठरा शब्द. तू देशी का अठरा शब्द दर शनवारले भरूचथून येऊन?" मुलगी हसत परत आली आणि पैसे पाकिटात टाकले. त्या पैशांतून तिने मला एक शब्दकोश आणला. मराठी अर्थाचा, पण शब्द इंग्रजी अक्षरांत. मला तो वाचता येत नाही. दर रविवारी ती एक पान वाचून दाखवायची, मी मिठाच्या कागदावर लिहायची.

शेवटचे अठरा शब्द मी जपून निवडले. आधीच्या शब्दांत घाई होती, जे हाती लागेल ते नेलं होतं. आता मी आठवडाभर ठरवायची, मावशीला कोणता शोभेल. तिला ओझं होईल असा नको, शिवीसारखा वापरता येईल असा एखादा असावा.

शेवटच्या शनिवारी मी पंचवीस रुपये घेऊन गेले. ओट्यावर पाच-सहा बायका होत्या. मावशी त्या दिवशी घाईत होती, मार्केटात माल पोचवायचा होता. तिने नोटा घेतल्या, डबा उघडला, त्यात टाकल्या. पुढच्या महिन्यात पत्रे आणायचे म्हणून तो डबा तिने बाहेरच काढून ठेवला होता. मी उभी राहिले. तिने गठ्ठ्याची गाठ मारली, डोक्यावर घ्यायला वाकली, आणि मी अजून उभीच आहे असं बघून थांबली.

"उभी काब्र ऱ्हायनी? फिटनं वं तुनं सारं."

"व्याज राहिलं, मावशी."

"मुद्दल फिटनं, आते कसानं व्याज?"

मी ऐकलं नाही. सगळ्यांसमोर, कोणी जोरात बोल म्हणून न सांगता, मी म्हटलं, "मॅग्नॅनिमस. ज्याचं मन एवढं मोठं असतं की दुसऱ्याची चूक त्यात मावते."

मावशीने तो घोळून बघितला नाही. मी हात लावला, गठ्ठा तिच्या डोक्यावर चढवला. ती बसच्या रस्त्याला लागली. मी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या शनिवारी फुली मारली. अठराशेच्या अठराशे फिटले होते.